गरोदरपणात लोहाच्या गोळ्या पोटाला झेपत नाहीत, तुम्ही काय केलंत?

माडाखालची

नमस्कार मंडळी. गुहागरच्या बाजूला राहते. पाचवा महिना चालू आहे, पहिलीच वेळ. हिमोग्लोबिन ९.६ आलं म्हणून डॉक्टरांनी लोहाची रोज एक गोळी दिली आहे. पाकिटावर फेरस ॲस्कॉर्बेट, लोह १०० मिग्रॅ असं लिहिलंय. शिवाय कॅल्शियमच्या दोन. उलट्या आत्ता कुठे थांबल्या होत्या तर हे नवीन सुरू झालं. गोळी घेतली की अर्ध्या तासात मळमळ, तोंडाला गंजकट चव, ढेकरही तसलेच. पोट दोन-दोन दिवस साफ होत नाही, आणि झालं की काळंकुट्ट. पहिल्यांदा बघितलं तेव्हा घाबरलेच.

शेजारच्या वहिनी म्हणतात, "उष्ण पडतात त्या, मी दोन्ही खेपांना घेतल्याच नाहीत, पोरं बघ कशी ठणठणीत आहेत." सासूबाई काही बोलत नाहीत, पण रोज संध्याकाळी विचारतात, "झालं का गं पोट साफ?" आता अख्ख्या वाडीत माझ्या पोटाची चौकशी आहे.

तपासणीला गेलं की बाहेर एवढी रांग असते की बाळाचे ठोके नीट आहेत ना, तेवढं ऐकून बाहेर येते. हे सांगायचं राहून जातं, खरं तर लाजही वाटते. "गोळी बंद करा" हा सल्ला नकोय. चालू ठेवून त्रास कमी कसा करायचा ते सांगा.

नारळीपौर्णिमा

वाचतेय. मलाही सेम. चौथा.

करवंदाची_जाळी

रत्नागिरीकर, दोन बाळंतपणं झालेली. गोळी नक्की कधी आणि कशाबरोबर घेता ते लिहिलं नाहीत. त्यावर बरंच अवलंबून असतं.

माडाखालची

सकाळी चहा-बटर झाल्यावर लगेच. कॅल्शियमची एक पण तेव्हाच घेते, म्हणजे विसरायला होत नाही.

करवंदाची_जाळी

तिथेच गोम आहे. चहा आणि कॅल्शियम दोन्ही लोहाला आडवे येतात. म्हणजे त्रास पुरेपूर आणि अंगी लागणार कमी. माझं दुसऱ्या वेळी असंच चाललं होतं. आमच्या सिस्टरनी वेळापत्रक बदलून दिलं: कॅल्शियम नाश्त्यानंतर आणि दुपारच्या जेवणानंतर, लोह रात्री जेवून तास-दोन तास झाल्यावर, वर लिंबूपाणी. मळमळ झोपेत निघून जायची. फक्त गोळी घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, छातीत जळजळतं. भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि मग अर्धा तास भांडी आवरा, टीव्ही बघा, काहीही करा.

बद्धकोष्ठ मात्र वेळ बदलून गेलं नाही, ते वेगळं प्रकरण आहे.

कातळसडा

हे सगळं औषध कंपन्यांचं खूळ आहे. आमच्या आजीची नऊ बाळंतपणं घरात झाली, एक गोळी नाही. बीट, डाळिंब, खजूर, गूळ खा. रक्त आपोआप वाढतं.

सुकटीची_चटणी

कातळसडा, आजीला एकदा विचारा, नवातली किती वाचली. आणि शेजारपाजारच्या ज्या बाळंतपणात गेल्या त्यांची नावंही विचारा. माझ्या आजीला अशा चौघी तोंडपाठ होत्या.

भरती_ओहोटी

सिंधुदुर्गात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. मूळ प्रश्नकर्तीला मी तपासलेलं नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा आणि बदल तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

आधी काळ्या रंगाचं. गोळीतलं बहुतेक लोह शोषलंच जात नाही, ते आतड्यात उरतं आणि शौचाला काळपट किंवा हिरवट-काळा रंग येतो. तो येणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. घाबरायचं कधी? शौच डांबरासारखं चिकट, पातळ आणि भयंकर घाण वासाचं असेल, सोबत चक्कर, पोटात जोरात दुखणं किंवा रक्ताची उलटी असेल तेव्हा. मग थांबू नका, दवाखाना गाठा. लाल रक्त दिसलं तर बहुधा मूळव्याध किंवा चीर असते, पण तेही दाखवून घ्या.

आता त्रास का होतो. हेच न शोषलेलं लोह जठराच्या आणि आतड्याच्या अस्तराला टोचतं, म्हणून मळमळ, मुरडा, कुणाला जुलाब तर कुणाला खडा. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे आतड्याची हालचाल आधीच मंदावलेली असते, पुढच्या महिन्यांत गर्भाशयाचाही दाब येतो. त्यात लोहाची भर. गोळीत लोह जितकं जास्त तितका त्रास जास्त, हे साधारणपणे खरं आहे. म्हणून पाकिटावर "लोह इतकं" हा आकडा बघायला शिका. फेरस फ्युमरेटच्या २०० मिग्रॅच्या गोळीत प्रत्यक्ष लोह सुमारे ६५ मिग्रॅ असतं, फेरस ग्लुकोनेटच्या ३०० मिग्रॅच्या गोळीत सुमारे ३५. तुमची १०० मिग्रॅ लोहाची आहे. ती झेपत नसेल तर कमी लोहाची, किंवा दुसऱ्या क्षाराची, किंवा पातळ औषध असे बरेच पर्याय आहेत. रिकाम्या पोटी जास्त शोषलं जातं हे खरं, पण रिकाम्या पोटी घेऊन ओकायचं त्यापेक्षा दोन घास खाऊन घेतलेली बरी.

"पोटात न विरघळणाऱ्या" आवरणाच्या गोळ्या काही जणी मागतात, त्रास होत नाही म्हणून. त्या पुढे जाऊन विरघळतात आणि लोह तर मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीलाच शोषलं जातं. त्रास नाही, आणि फायदाही कमी.

नारळीपौर्णिमा

डॉक्टर, एक दिवसाआड घेतली तर चालते असं कुठेतरी वाचलं. खरं का?

भरती_ओहोटी

अर्धं खरं. लोहाचा मोठा डोस पोटात गेला की यकृतातून हेपसिडिन नावाचं संप्रेरक वाढतं. ते आपल्या वेशीवरच्या राखणदारासारखं, आणखी लोह आत येऊ देत नाही, आणि हा पहारा साधारण २४ तास चालतो. स्वित्झर्लंडमध्ये २०१७ साली याच कारणाने एक दिवसाआड देऊन बघितलं तर दर गोळीमागे शोषण जास्त झालं. पण त्या बायका गरोदर नव्हत्या आणि त्यांना ॲनिमियाही नव्हता, फक्त लोहाचा साठा कमी होता. ९.६ वर आणि हातात मोजके महिने असताना मनाने दिवसाआड करू नका. रोजची अजिबातच सोसत नसेल तर आम्ही स्वतःहून दिवसाआड करून देतो, काहीच न घेण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं. मात्र तेव्हा रक्तावर लक्ष ठेवावं लागतं.

आशाताई_खाडीपलीकडची

मी आशा कार्यकर्ती आहे. उपकेंद्रातल्या लाल गोळ्या मीच वाटते, त्यामुळे या धाग्यावर न बोलून कसं चालेल!

माडाखालचीला वाटतंय तिला एकटीलाच लाज वाटते. अहो, माझ्या यादीतल्या निम्म्याअधिक जणी गोळ्या घेते म्हणतात आणि घेत नाहीत. मी घरी गेले की पाकीट मागते. कुणाच्या पाकिटातल्या पुढच्या ओळीतल्या सगळ्या गोळ्या एकाच दिवशी काढल्यासारख्या दिसतात. एकीच्या घरी परड्यात माडाच्या आळ्यात लाल डाग दिसले, पावसाने गोळ्यांचा रंग उतरलेला. मी काही बोलले नाही, तिच्यासोबत बसले, चहा घेतला. मग तिनेच सांगितलं, की सकाळी गोळी घेतली की वाफ्यात भात लावायला वाकता येत नाही, सगळं वर येतं. तिला ओरडून काय उपयोग? रात्री घ्यायला सांगितली, आता घेते.

सरकारी गोळीत लोह ६० मिग्रॅ आणि फॉलिक ॲसिड ५०० मायक्रोग्रॅम असतं. पूर्वी १०० मिग्रॅ लोह असायचं, २०१८ ला ॲनिमिया मुक्त भारत ही सरकारी योजना आली तेव्हा ६० झालं. चौथ्या महिन्यापासून रोज एक अशा १८० गोळ्या, बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रोज दोन. दोन असतील त्यांनी एकदम घेऊ नये, एक सकाळच्या जेवणानंतर आणि एक रात्री.

आमच्याकडे अजून एक समज पक्का आहे, गोळीने बाळ काळं होतं. शौचाचा रंग बघून कुणीतरी काढलेला शोध असावा. दुसरा, बाळ मोठं होतं आणि अडतं. दोन्ही खोटं.

आणि पावसाळ्यात गोळ्या उघड्या ठेवू नका. आपल्या हवेत वरचं साखरेचं आवरण ओलं होतं, बोटं लाल होतात आणि मग गोळीला लोखंडाचा असा वास येतो की चांगली बाई ओकेल. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

सुकटीची_चटणी

आशाताई, सलाम. ओरडण्याऐवजी बसून चहा घेणाऱ्या फार थोड्या. आमच्या वेळी एका डॉक्टरांनी "गोळ्या घेत नसाल तर इथे येऊ नका" असं सगळ्यांसमोर सुनावलं होतं. त्यानंतर वहिनी "घेते" असंच सांगत राहिली, आणि आठव्या महिन्यात ७.८.

कातळसडा

बरं, गोळ्या राहू देत. पण खाण्याने वाढत नाही असं तर नाही ना?

भरती_ओहोटी

खाणं हवंच, पण हिशोब बघा. आयसीएमआर, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार गरोदर बाईला दिवसाला २७ मिग्रॅ लोह लागतं. शंभर ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमसुद्धा नसतं, डाळिंबात त्याहून कमी. रंग लाल आहे म्हणून रक्त वाढेल, एवढाच काय तो आधार. खजूर, गूळ जरूर खा, पण ९.६ चं ११ करायला ते पुरणार नाहीत. त्यात मधुमेह निघाला असेल तर गुळाचा मारा नकोच.

उकड्याची_पेज

खाण्याचं निघालंच आहे तर आपल्याकडचं बोला की. सारखं बीट-डाळिंब काय, ते आपल्याकडे पिकतं तरी का!

कुळीथ घ्या. शंभर ग्रॅम कोरड्या कुळथात लोह सुमारे ८ मिग्रॅ. पिठीला आपण लावतो मूठभर पीठ, म्हणजे दोनेक मिग्रॅ पडलं, तरी रोजच्या जेवणात ते मोजायला हरकत नाही. पिठीवर लिंबू पिळायचं. डाळ-भाजीतलं लोह सहज शोषलं जात नाही, क जीवनसत्त्व त्याला मदत करतं. तिसऱ्या, मुळे, कालवं या शिंपल्यांत लोह भरपूर, आणि मासे-मटण ताटातल्या भाजीचं लोहही सोबत ओढून नेतं. फक्त गरोदरपणी शिंपल्या नीट शिजवलेल्याच, शिजवूनही न उघडलेल्या टाकून द्या. सुकट चांगली, पण मीठ जास्त, रक्तदाब असेल तर जपून. शेवग्याचा पाला, लाल माठ, पावसात टाकळा.

आणि शिमग्याच्या सुमारास काजूची बोंडं फुकट पडतात परसात. संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त क जीवनसत्त्व आहे त्यात. आपण बिया काढून घेतो आणि बोंडं गुरांपुढे टाकतो. चिरून मीठ लावून ठेवायची, घसा खवखवत नाही.

नारळीपौर्णिमा

मग गोळी सोलकढीबरोबर घेतली तर? आंबट आहेच की.

उकड्याची_पेज

मलाही आधी तसंच वाटायचं. कोकमाचा आंबटपणा मुख्यतः हायड्रॉक्सीसिट्रिक ॲसिडचा, लिंबू-आवळ्याइतकं क जीवनसत्त्व त्यात नाही. सोलकढी जेवणात प्या, पोटाला बरी वाटते. गोळीला लिंबू, आवळा नाहीतर पेरू.

करवंदाची_जाळी

नाचणीचं सत्त्व पण गोळीबरोबर नको ना? आई रोज सकाळी वाटीभर घेऊन उभी असायची.

भरती_ओहोटी

बरोबर. नाचणी कॅल्शियमसाठी उत्तम, लोहासाठी बेताचीच, आणि तिच्यातलं फायटेट व कॅल्शियम गोळीच्या लोहाला अडवतं. सत्त्व सकाळी, गोळी रात्री, भांडण मिटलं. चहा-कॉफी-दुधाचं तसंच, गोळीच्या आधी-नंतर तास-दोन तास नको. ॲसिडिटीचं पातळ औषध किंवा फसफसणारी पावडर गोळीवर लगेच घेतात, त्यानेही शोषण कमी होतं.

माडाखालची

केवढी माहिती! वेळापत्रक आजपासून बदलते. पण बद्धकोष्ठाचं कुणी बोला ना. सासूबाईंनी आज एरंडेल काढून ठेवलंय.

भरती_ओहोटी

एरंडेल नको! त्याने आतड्याबरोबर गर्भाशयही आकुंचन पावू शकतं. सोनामुखीची चूर्णंही आपल्या मनाने नको, "आयुर्वेदिक आहे, बाधत नाही" म्हणून विकलेली असली तरी. ईसबगोल चालतं, पण मोठा पेलाभर पाण्याबरोबर, नाहीतर उलट आत अडकून बसतं. आणि लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब. त्याने भागलं नाही तर लॅक्टुलोजचं पातळ औषध देतो, ते गरोदरपणात वापरता येतं, गोडसर असतं.

करवंदाची_जाळी

माझा अनुभव. नुसतं फायबर वाढवलं आणि पाणी तेवढंच ठेवलं तर पोट गच्च होतं. पाणी वाढवल्यावरच फरक पडला. आपल्याकडे घामाने अंगातलं पाणी किती जातं ते एप्रिल-मेमध्ये कळतंच. सकाळी उठल्यावर कोमट पाणी, मग उकड्या तांदळाची पेज, पातळ. दुपारी अळूचं फदफदं नाहीतर केळफुलाची भाजी, रात्री पिकलेलं केळं. आणि कळ आली की लगेच जायचं, "एवढी पोळी लाटून होऊ दे" करायचं नाही. कमोड असेल तर पायाखाली पाट घ्या, गुडघे वर आले की कुंथावं लागत नाही. हसू नका, याने सगळ्यात जास्त फरक पडला.

बंदरावरची_बाय

माझी आजी, वय विचारू नका, मालवणची. तिका ह्यां सगळां वाचून दाखवलंय. ती म्हणता, "आमच्या वेळाक खंय होत्यो गोळ्यो? चक्कर येवन पडाचंय मी न्हाणयेत. चेडवाक सांग, रंग बघून भियां नको, खा म्हणा."

देवरुखची

एक वेगळा मुद्दा, कारण आमच्या घरी यात बराच वेळ गेला. बहिणीने गोळ्या नीट घेतल्या, सगळा त्रास सोसला, तरी रक्त हलेना. शेवटी तपासणीत थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आई-वडिलांकडून येणारा रक्तातला दोष निघाला. तो दोघांतही असेल तर बाळाला धोका, म्हणून मग नवऱ्याचीही तपासणी, ती सुदैवाने ठीक. प्रत्येक कमी हिमोग्लोबिन लोहाअभावीच असतं असं नाही. रक्त वाढत नसेल तर डोस वाढवत बसण्याआधी हे विचारा.

भरती_ओहोटी

+१. नीट गोळ्या घेऊन महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण १ ने तरी वाढायला हवं. नाही वाढलं तर कारण शोधायचं: थॅलेसेमिया, सिकलसेल, बी-१२ ची कमतरता, जंत. जंताची गोळीही चौथ्या महिन्यानंतर देतात, पहिल्या तीन महिन्यांत नाही. थॅलेसेमियासाठीची एचपीएलसी ही रक्ततपासणी खरं तर सुरुवातीलाच व्हायला हवी.

सुकटीची_चटणी

आमच्या वहिनीला मग सलाईनमधून लोह दिलं. आयर्न सुक्रोज, एकदम नाही, थोडं थोडं करून. दर खेपेला तालुक्याला एसटीने जाऊन यायचं, आठव्या महिन्यात त्या घाटातल्या वळणांनी ती बेजार. पण पोटाचा त्रास शून्य, रक्तही वाढलं. तेव्हा वाटलं हे आधीच का नाही दिलं.

भरती_ओहोटी

आधी देत नाहीत कारण पहिल्या तीन महिन्यांत शिरेतून लोह देत नाहीत. नंतरही क्वचित रिॲक्शन येते, म्हणून ती सांभाळता येईल अशाच ठिकाणी द्यावं लागतं. गोळी खरंच सोसत नाही, किंवा उशिरा लक्षात आलं आणि दिवस कमी उरले, अशा वेळी ते फार उपयोगी. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज असेल तर १००० मिग्रॅपर्यंत एका बैठकीत देता येतं, खेपा वाचतात, पण महाग पडतं. हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलं तर मात्र थेट रुग्णालयच.

आशाताई_खाडीपलीकडची

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात गरोदर मातांची मोफत तपासणी असते, डॉक्टर भेटतात. रांग असतेच, पण बोलायचं राहून जात असेल तर कार्डावर आदल्या रात्री पेन्सिलीने लिहून न्या: मळमळ, खडा, किती गोळ्या चुकल्या. कार्ड पुढे केलं की तोंडाने सांगावंच लागत नाही.

माडाखालची

मंडळी, कळवायला आले. आशाताईंनी सांगितलं तसं कार्डावर लिहून नेलं. डॉक्टरांनी वाचलं, म्हणाले, "अहो हे पहिल्याच वेळी सांगायचं होतं." १०० ची बदलून ६० ची दिली, रात्री घ्यायला. त्रास कमी झाला तर वाढवून दोन करू म्हणाले. ईसबगोल संध्याकाळी चारला. मळमळ जवळजवळ नाहीच आता. पोट अजून रोज साफ होत नाही पण कुंथावं लागत नाही. रंग काळाच आहे, त्याच्याकडे बघायचं सोडलं! एरंडेल सासूबाईंनी बिजागऱ्यांना घातलं.

पुढचं रक्त महिन्याने तपासणार आहेत, आकडा इथे टाकते.

कातळसडा

छान झालं. अवांतर: आमच्या मिसेससाठी पण वाचतोय हे सगळं. तिसरा महिना.

सुकटीची_चटणी

मग आधी सांगायचंत की! अभिनंदन. बीट कमी करा आता.

देवरुखची

घरात लहान मूल असेल तर एक सांगते. त्या लाल गोळ्या जेम्सच्या गोळ्यांसारख्या दिसतात आणि वरून गोड लागतात. लहान मुलाने मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेततं. डबा फडताळात वरच्या फळीवर. कुणी खाल्ल्याचा संशय आला तर उलटी काढत बसू नका, पाकिटासकट ताबडतोब दवाखान्यात.

नारळीपौर्णिमा

शेवटचा प्रश्न. बाळ झाल्यावर गोळ्या कधी सुरू करायच्या? टाक्यांवर पुन्हा खडा झाला तर, या विचारानेच घाम फुटतोय.

आशाताई_खाडीपलीकडची

घरी सोडताना देतात त्याच पुढे चालू ठेवायच्या, १८० दिवस. अंगावर पाजताना चालतात. टाके असतील तर पोट मऊ ठेवायचं औषध सोबत मागून घ्या, आपण होऊन कुणी देईलच असं नाही. आणि बाळंतिणीला पाणी कमी द्यायची पद्धत तुमच्या घरी असेल तर मला बोलवा, मी येऊन सांगते.